दिल्लीहून आणायचं काय? १७१९ ची दिल्लीवारी आणि आपलं बाळापूर

ज्यांना ऐकायला वेळ नसतो पण लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचायला जमतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही टाकतोय. बोलताना झालेले अं, हं, म्हणजे वगैरे थोडे काढलेत. सगळे नाही.

तर झालं असं. मी पुण्यात कोड लिहितो, पण गाव माझं बाळापूर, जिल्हा अकोला. येत्या फेब्रुवारीत आईला घेऊन दिल्लीला जायचं ठरवलं. तिचीही पहिलीच दिल्ली आणि माझीही. सुट्टी मिळाली चार दिवस, त्याला शनिवार-रविवार जोडला. जाण्या-येण्याचे काढले की दिल्लीत हातात उरतात तीन दिवस. मग मी काय केलं? जे कुठलाही इंजिनियर करेल तेच. शीट उघडली. बावीस ठिकाणं, प्रत्येकासमोर तास, तिकीट, मेट्रो स्टेशन, अंतर. रात्री व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली. तिनं चष्मा लावून सगळी शीट पाहिली आणि म्हणाली, "बापा! येवढं सगळं पाहून तिथून आनाचं काय हाय?"

मी म्हटलं, आणायचं काय म्हणजे? शाल घेऊ, सोहन हलवा घेऊ. ती म्हणाली, "तसं नाही रे." आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठून गेली.

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण मी तेव्हा नेमकं अशाच एका दिल्लीवारीबद्दल वाचत होतो. तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी मराठी माणसं फौज घेऊन पहिल्यांदा दिल्लीत गेली. थोडेच दिवस राहिली. पण त्यांच्याकडे तिथून काय आणायचं याची यादी पक्की होती. आणि त्या यादीची पहिली मोठी परीक्षा झाली कुठं, तर आमच्या बाळापुरात. आजचा भाग त्यावर.

आधी एक जुनी वारी: आग्रा, १६६६

बाळापूर अकोल्याहून पंचवीस-सव्वीस किलोमीटर, खामगावच्या रस्त्यावर. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमाजवळ किल्ला आहे. आणि मन नदीच्या काठावर एक दगडी छत्री आहे. आम्ही लहानपणी तिथं खेळायचो. ती मिर्झाराजे जयसिंगांची छत्री.

मिर्झाराजे कोण, हे महाराष्ट्रात सांगायला नको. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह त्यांनीच घडवला. शिवाजी महाराज आग्र्याला गेले ते त्यांच्याच शब्दावर. जयसिंगांचा मुलगा रामसिंग आग्र्यात होता, तो सगळी काळजी घेईल असं ठरलेलं. १२ मे १६६६ ला दरबार झाला, तिथं अपमान झाला, मग मुक्कामाभोवती पहारे बसले. ऑगस्टमध्ये महाराज स्वतःच्या हिकमतीनं निसटले. मिर्झाराजे पुढच्याच वर्षी, १६६७ मध्ये, बुऱ्हाणपूरला वारले.

आता ही गोष्ट प्लॅनिंगच्या नजरेनं बघा. यजमानानं शब्द मनापासून दिला होता. पण घर यजमानाचं नव्हतं. घर औरंगजेबाचं होतं. परत येण्याची वाट दुसऱ्याच्या मर्जीवर होती. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

यादी तयार होते: १७१८

आता पन्नासेक वर्षं पुढं येऊ. औरंगजेब १७०७ मध्ये गेला. त्याच्या कैदेत वाढलेले शाहू महाराज त्याच वर्षी सुटले. पण एक अट होती. त्यांच्या आई, येसूबाई, सुटल्या नाहीत. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा सात वर्षांच्या शाहूंबरोबर त्या मुघलांच्या हाती लागल्या होत्या. मुलगा साताऱ्याला छत्रपती झाला आणि आई ओलीस म्हणून दिल्लीत. बारा वर्षं.

इकडे दिल्लीत बादशहा होता फर्रुखसियर. त्याला गादीवर बसवलं सय्यद बंधूंनी. थोरला अब्दुल्लाखान वजीर, धाकटा हुसेन अली १७१५ पासून दख्खनचा सुभेदार. पण बादशहाचं आणि या भावांचं फाटलं. बादशहा आतून हुसेन अलीचे पाय ओढायला लागला. एकीकडे मराठ्यांशी लढाई, दुसरीकडे मालकाचाच दगा. वैतागून हुसेन अलीनं १७१८ मध्ये मराठ्यांशी तह करायचं ठरवलं.

मध्यस्थ होता शंकराजी मल्हार. हा माणूस भारी आहे. एकेकाळी राजाराम महाराजांबरोबर जिंजीला सचिव होता. नंतर काशीला गेला, तिथून दिल्लीकडच्या राजकारणात शिरला आणि सय्यदांच्या नोकरीत लागला. म्हणजे दोन्ही घरांची भाषा येणारा माणूस. तुम्ही नव्या शहरात जाताना तिथं राहिलेला एक मित्र शोधता ना, तसाच.

मराठ्यांच्या बाजूनं बोलणी केली पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी. मागण्या मोजक्या होत्या. एक, शिवाजी महाराजांच्या वेळचं स्वराज्य आपलं म्हणून मान्य करायचं. दोन, दख्खनच्या सहा सुभ्यांवर चौथाई, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा. तीन, त्याच सुभ्यांवर सरदेशमुखी, म्हणजे आणखी दहावा हिस्सा. आणि चार, येसूबाई आणि बाकीची माणसं परत. बदल्यात शाहूंनी दरसाल दहा लाख रुपये पेशकश द्यायची आणि पंधरा हजार स्वार मदतीला ठेवायचे.

सहा सुभे कोणते? औरंगाबाद, खानदेश, बीदर, विजापूर, हैदराबाद आणि आपलं वऱ्हाड. म्हणजे बाळापूर या यादीत आहे. दिल्लीला काय सही होणार यावर आमच्या गावातल्या ज्वारीचा हिस्सा कुणाकडं जाणार हे ठरत होतं.

हुसेन अलीनं तह मान्य केला. फर्रुखसियरनं सही करायला नकार दिला. मग हुसेन अली म्हणाला, चला दिल्लीला.

दिल्ली, फेब्रुवारी १७१९

१७१८ संपता संपता फौज औरंगाबादहून निघाली. बुऱ्हाणपूर, नर्मदा, मग दिल्ली. हा दख्खनहून उत्तरेला जायचा जुना शाही रस्ता. आता गंमत बघा. आम्ही भुसावळहून पंजाब मेल पकडणार आहोत. ती जाते बुऱ्हाणपूर, खंडवा, इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली. बरीचशी तीच दिशा. त्यांना दोनेक महिने लागले, आम्हाला साधारण वीस तास. तेही आई म्हणते, "लय झाले बापा."

मराठी फौज किती होती याचे आकडे वेगवेगळे मिळतात, पण दहा हजारांच्या वर नक्की. बाळाजी विश्वनाथ, खंडेराव दाभाडे, संताजी भोसले, बाळाजी महादेव भानू अशी मंडळी होती. आणि पेशव्यांचा थोरला मुलगा, अठरा वर्षांचा. नाव बाजीराव.

फेब्रुवारीच्या मध्यावर ही फौज दिल्लीबाहेर पोचली. फेब्रुवारी संपता संपता सय्यदांनी लाल किल्ल्याचा ताबा घेतला. फर्रुखसियर जनानखान्यात लपला, तिथून त्याला ओढून बाहेर काढलं, आंधळं केलं, कैदेत टाकलं. दोनेक महिन्यांत मारूनही टाकलं.

त्या सकाळी किल्ल्याबाहेरच्या रस्त्यांवर मराठी स्वार उभे होते. शहरात अफवा, गोंधळ, बादशहा मेला की जिवंत कुणाला पत्ता नाही. बादशहाच्या बाजूचे सरदार आपली माणसं घेऊन आले, त्यांच्याशी चकमक सुरू झाली. मराठ्यांची फळी हलली तशी बाजारातली गर्दीही तुटून पडली. ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन. अरुंद गल्ल्या, अनोळखी दरवाजे, घोडा वळवायला जागा नाही. मोकळ्या माळावर ज्यांना कुणी धरू शकत नव्हतं, ते स्वार तिथं अडकले. त्या दिवशी दीड ते दोन हजार मराठे मेले असं सांगतात. घोडे, सामान लुटलं गेलं ते वेगळंच.

मी इथं थांबलो होतो वाचताना. कारण इतिहासात आपण "मराठे दिल्लीला गेले" असं एका दमात म्हणून टाकतो. पण या दीड-दोन हजारांतल्या बहुतेकांचीही ती पहिलीच दिल्ली होती. रोजमुऱ्यावर आलेले, गावाकडं पेरणीच्या आधी परत जाऊ म्हणून निघालेले. यादी पेशव्यांकडं होती. यांच्याकडं काही यादी नव्हती. त्यांना त्या शहराची एक गल्लीसुद्धा माहीत नव्हती.

संताजी भोसले तिथं पडले. बाळाजी महादेव भानूही दिल्लीतच गेले. हे नाना फडणवीसांचे आजोबा. सांगतात असं, की पेशव्यांच्या पालखीत ते स्वतः बसले आणि खऱ्या सनदा घेऊन पेशवे दुसऱ्या वाटेनं सुखरूप निघाले. ही कथा आहे, मी कथा म्हणूनच सांगतोय. पण कथेतसुद्धा लोकांनी काय लक्षात ठेवलं बघा. माणूस गेला तरी चालेल, कागद पोचला पाहिजे.

सही करणाऱ्याचं काय झालं?

सय्यदांनी रफीउद्दरजात नावाच्या आजारी तरुणाला गादीवर बसवलं. त्याच्या नावानं मार्च १७१९ मध्ये चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा निघाल्या. येसूबाई सुटल्या. मार्चमध्येच बाळाजी विश्वनाथ निघाले सुद्धा. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यावर पोचले आणि मार्चच्या उत्तरार्धात परत. जेमतेम सव्वा महिना. काम झालं, निघाले.

आग्र्याच्या आणि या वारीतला फरक दिसतोय का? या वेळी परतीची वाट यजमानाच्या शब्दावर सोडलेली नव्हती. आपली फौज आपल्याबरोबर होती. आणि यजमानालाच आपली गरज होती.

जुलैच्या सुरुवातीला मंडळी साताऱ्याला पोचली. आईला शाहूंनी बारा वर्षांनी पाहिलं. येसूबाईंच्या कैदेचा हिशोब केला तर जवळजवळ तीस वर्षं.

आता ट्विस्ट. ज्या बादशहाच्या नावानं सनदा निघाल्या, तो जूनमध्ये मेला. म्हणजे कागद साताऱ्याला पोचायच्या आधीच सहीचा मालक गेला. मग त्याचा भाऊ गादीवर बसला, तो सप्टेंबरमध्ये गेला. मग आला मुहम्मदशहा. आमच्या भाषेत सांगायचं तर लायसन्स मिळालं आणि देणाऱ्या कंपनीचा सीईओ वर्षात तीनदा बदलला. ते लायसन्स चालणार की नाही?

बाळापूर, ऑगस्ट १७२०

याचं उत्तर आमच्या गावाजवळच्या चिखलात शोधावं लागतं.

एप्रिल १७२० मध्ये बाळाजी विश्वनाथ वारले. बाजीराव पेशवा झाला. त्याच उन्हाळ्यात निजामुल्मुल्क माळव्यातून नर्मदा उतरून दख्खनेत शिरला. हा सय्यदांचा कट्टर विरोधक. असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर घेतलं. सय्यदांनी पाठवलेल्या दिलावर अलीला जूनमध्ये खंडव्याच्या बाजूला हरवून मारलं. मग समोर आला आलम अलीखान, हुसेन अलीचा पुतण्या. वय विशीच्या आसपास. काका दिल्लीत, पुतण्या दख्खन सांभाळतोय. तहाप्रमाणे मराठे त्याच्या बाजूनं: खंडेराव दाभाडे, कान्होजी भोसले आणि आपला दुभाष्या शंकराजी मल्हार.

भर पावसाळा. आमच्याकडची काळी माती ज्यांनी पावसात तुडवलीय त्यांना सांगायला नको. चप्पल राहते मागं आणि पाय येतो पुढं. त्यात तोफा ओढायच्या, हत्ती चालवायचे. पूर्णेला पूर. १० ऑगस्ट १७२० ला बाळापूरजवळ लढाई झाली. आलम अलीखान हत्तीवरून लढता लढता मारला गेला. शंकराजी मल्हार जखमी होऊन निजामाच्या हाती लागला. ज्यानं तह जुळवला, तो माणूस त्या तहासाठी इथं पडला.

दोन महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, हुसेन अलीचा खून झाला. नोव्हेंबरमध्ये अब्दुल्लाखान हरून कैद झाला. म्हणजे सनद देणारा बादशहा नाही, देवविणारे भाऊ नाहीत, मध्यस्थ नाही आणि आणणारा पेशवाही नाही. उरला फक्त कागद.

आणि तरी कागद टिकला. जानेवारी १७२१ मध्ये निजाम आणि बाजीराव यांची भेट झाली. निजाम पुढं कधी मान्य करायचा, कधी टाळायचा. शेवटी १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावानं त्याला कोंडीत पकडलं आणि मुंगी-शेवगावच्या तहात चौथाई-सरदेशमुखी कबूल करून घेतली. पण बघा, बाजीराव नवीन काही मागत नव्हता. "आमच्याकडं हे आहे, ते पाळा" एवढंच म्हणत होता. दिल्लीहून आणलेल्या कागदाचा उपयोग हा. तो स्वतः लढत नाही. तुम्ही कशासाठी लढताय ते तो सांगतो.

यात एक कडू गोष्टही आहे, ती लपवायची नाही. आमच्या गावातल्या कुणब्याच्या दारात त्या कागदानं काय आणलं? वसुलीला येणारा दुसरा माणूस. पुढं कित्येक वर्षं वऱ्हाडात निजामही होता आणि नागपूरकर भोसलेही. लोक त्याला दुअंमली म्हणायचे. साताऱ्याला जो विजय होता, तो बाळापुरात दुप्पट हिशोब होता. मी बाळापूरचा आहे, म्हणून मला हे दोन्ही एकदम दिसतं.

आणि हो, ही लढाई मला माझ्या गावात कळली नाही. पुण्यात, रात्री ऑन-कॉल असताना, सर्व्हर नीट चालतोय का बघत बसलो होतो तेव्हा वाचली. आज जो किल्ला दिसतो तो एलिचपूरच्या नवाबानं, इस्माईलखानानं, १७५७ मध्ये पूर्ण केला. म्हणजे लढाईनंतर ३७ वर्षांनी. ज्यांनी ती लढाई लढली त्यांनी हा किल्ला असा पाहिलाच नाही.

तर आता आमचा प्लॅन

शीटमधल्या बावीस ओळी आता सहा झाल्यात. तुमच्यापैकी कुणाची पहिली दिल्ली असेल तर घ्या.

पहिला दिवस: लाल किल्ला आणि जामा मशीद. सोमवारी किल्ला बंद असतो, तेवढा वार टाळा. तिकीट आधी मोबाइलवर काढा. आत दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास बघायचं. मग बाहेर येऊन किल्ल्याच्या दिल्ली दरवाज्याकडून जामा मशिदीकडं चालत जायचं. या बाजूला पूर्वी सादुल्लाखान चौक होता, १७१९ ची धावपळ याच भागात झाली. १८५७ नंतर इंग्रजांनी किल्ल्याभोवतीची वस्ती पाडून मोकळं केलं, त्यामुळं बघायला काही नाही. तरी दोन मिनिटं उभं राहायचं.

दुसरा दिवस: सकाळी हुमायूनचा मकबरा. फर्रुखसियरला इथंच पुरलं. मकबऱ्यात मुघल घराण्यातल्या कितीतरी कबरी आहेत, बहुतेकांवर नाव नाही. संध्याकाळी कालकाजीचं मंदिर. १७३७ मध्ये बाजीराव अचानक दिल्लीवर येऊन धडकला तेव्हा त्याचा तळ याच भागात होता. अठराव्या वर्षी वडिलांबरोबर पाहिलेलं शहर छत्तिसाव्या वर्षी त्यानं पुन्हा पाहिलं. शहर जाळायचा विचार सोडून दिला, तालकटोऱ्याच्या बाजूला बादशाही फौजेला हरवलं आणि तीनेक दिवसांत परत फिरला. गल्लीबोळात तो शिरलाच नाही. पहिल्या वारीत शिकलेलं असं उपयोगी पडतं.

लाल किल्ला, जामा मशीद आणि कालकाजी मंदिर ही तिन्ही मेट्रो स्टेशनं एकाच व्हायलेट लाइनवर आहेत. हुमायूनच्या मकबऱ्यासाठी त्याच लाइनवर जवाहरलाल नेहरू स्टेडियमला उतरून रिक्षा करा. आईला जिने कमी चढावे लागतील म्हणून हेच ठेवलंय.

तिसरा दिवस: सकाळी तालकटोरा बाग. दुपारनंतरची शेवटची ओळ रिकामी. त्या ओळीत फक्त "आई" लिहिलंय. तिला जिथं बसावंसं वाटेल तिथं बसायचं.

काल तिला फोनवर ही सगळी गोष्ट सांगितली. लढाई तिनं हूं हूं करत ऐकली. येसूबाईंपाशी मात्र थांबवलं. म्हणाली, "म्हंजे पोरानं मायले आनासाठी येवढी मानसं धाडली?" मी म्हटलं, कागदासाठीही धाडली. "कागदाचं राहू दे. माय आली का नाही घरी?" आली, म्हटलं. "किती वर्सांनी?" तीसेक.

मग जरा वेळ गप्प. आणि म्हणाली, "आन तू त मायलेच दिल्लीले घेऊन चालला. परत आनजो म्हंजे झालं."

तर मंडळी, माझी यादी ठरली. तुमची पहिली वारी कुठलीही असो, दिल्ली, बँकॉक, टोकियो, शीट भरायच्या आधी एकदा घरच्यांना विचारा की तिथून आणायचं काय. उत्तर आलं तर मला व्हॉइस नोट पाठवा. वऱ्हाडीत पाठवलंत तर पुढच्या भागात आधी तीच ऐकवीन. भेटू, दिल्लीहून आल्यावर.